वीस रकान्यांतली अक्का

लग्न दीपश्रीचं होतं, पण मिरवायचं होतं तिच्या भावाला. बेलूरच्या कारखान्यात संगणकावर बसणाऱ्या प्रभंजननं जाहीर करून टाकलं, "पत्रिकांच्या पाकिटांवर हातानं नावं लिहायची नाहीत. माझा प्रोग्राम छापेल." २००६ साल होतं. युनिकोड आलंय, आता मराठी काय नि कन्नड काय, सगळं सोपं, असं तो रायापुरात भेटेल त्याला ऐकवत होता.

प्रोग्राम लिहायची त्याची लाडकी भाषा होती 'जे'. तिच्यात नावं एकेक करून हाताळायची नसतात. सगळी एका तक्त्यात ओळीनं उभी करायची आणि एका खुणेसरशी सगळ्यांना हुकूम सोडायचा. प्रत्येक नावाला त्यानं वीस रकाने दिले. इंग्रजी नावं घालून पाहिली, झकास बसली. मग मराठी नावं ओतली, छापली आणि पठ्ठ्या न बघताच पोस्टात टाकून मोकळा झाला.

आठवड्यात अळणावरहून अनुसयामावशीचा फोन आला. ही त्याच्या आईची, शकुंतलाबाईंची, थोरली बहीण. घराच्या वास्तुशांतीत तिला दुसऱ्या पंगतीला बसवलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. निदान दीपीच्या लग्नाला तरी अक्का यावी म्हणून आईचा जीव तुटत होता.

"पाकिटावर 'अनुसया' आणि पुढं प्रश्नचिन्ह," मावशी कडाडली. "अक्का म्हणायला जड झालं काय रे? मी येत नाही जा!"

प्रभंजननं कपाळावर हात मारून घेतला. देवनागरीची एकेक खूण, अगदी काना-उकारसुद्धा, तीन-तीन रकाने गिळत होती! अठरात 'अनुसया' संपली, एकात मोकळी जागा, आणि विसाव्यात 'अक्का'च्या 'अ'चा तीनातला पहिलाच तुकडा बसला. प्रोग्रामनं तिथंच सुरी फिरवली. परशुराममामाची तीच गत, बाळाचार्यांची तीच. आपल्याकडं मान असतो नावाच्या शेपटाला, आणि यानं सगळी शेपटं छाटली होती.

"आई, एकेक खूण म्हणजे तीन बाइट. माझा तक्ता बाइट मोजत होता, अक्षरं नाही."

"असं अक्काला सांगू?"

"सांग की!"

"तूच सांग बाबा," असं म्हणून आई भाजी निवडायला लागली.

मग तो हट्टाला पेटला. आधी बाइटांची पुरी अक्षरं करायची आणि मगच मोजायचं. एक दुरुस्त केलं की दुसरीकडं मात्रा सुटायची. जेवण गार व्हायचं, दीपश्री हसायची, आणि तो तिच्यावरच खेकसायचा. अखेर पाकीट नीट छापलं तेव्हा त्यानं पहिली बस धरून अळणावर गाठलं.

मावशीनं चष्मा लावून नाव वाचलं. "हं. अक्का आली की पुरी."

"मग येणार ना?"

"नाही."

प्रभंजनचा तोल सुटला. "आता काय राहिलं मावशी? एकेक बाइट मोजलाय मी!"

"सख्ख्या बहिणीला पोस्टानं बोलावतात काय रे? कुंकू लावून हातावर अक्षत ठेवायची असते. तुझ्या आईचे पाय काय मशीननं कापले?"

पाकिटं छापतो म्हटल्यावर आई लगेच 'छाप बाबा' का म्हणाली, ते त्याला आत्ता कळलं. तिला दारात जायचं नव्हतं. पोस्ट तिला बरं पडलं होतं. त्याला दोघींचाही मनस्वी राग आला. कोपऱ्यावरच्या फोनवरून तो ओरडलाच, "आई, प्रोग्राम दुरुस्त झाला. आता तू ये."

"माझे गुडघे—"

"गुडघे घेऊन ये!"

दुपारच्या बसनं आई उतरली. हातात कुंकवाचा करंडा, अंगावर ठेवणीतलं इरकल. वाटभर जुळवलेलं बोलणं अंगणात येईपर्यंत विसरून गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून एवढंच म्हणाली, "अक्का."

मावशी जागची हलली नाही. मग कन्नडातच खेकसली, "बा, वळगं बा! ये, आत ये! उन्हात उभी राहून आजारी पडलीस की तेही माझ्याच माथी." आणि पदरानं डोळे पुसून कुंकवासाठी कपाळ पुढं केलं.