अळूच्या वाफ्यातली माती

माझी सही दहा वर्षांत कुणी नाकारली नव्हती. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग मापायचे अन् पास का फेल ते ठरवायचं. सुपरवायझर नवनाथभाऊ तर म्हणतात, दीपमालाताईंची सही झाली की विषय संपला. अन् ती सही नाकारली कुणी, तर बारावीच्या बायोलॉजीच्या सरांनी, तीही माझ्याच लेकीच्या जर्नलमध्ये.

निशिगंधाला दोन ठिकाणच्या मातीचा प्रयोग होता. दोन्हींवर शंभर-शंभर मिली पाणी ओतायचं अन् कुठली माती किती धरून ठेवते ते मोजून लिहायचं. एक माती तिनं राजगुरुनगरच्या रस्त्याला मैत्रिणीच्या शेतातून आणली, दुसरी आमच्या खोल्यांमागून, गोडाऊनच्या भिंतीलगतची. रविवारी संध्याकाळी ती जर्नल लिहीत होती अन् मी भाकरी थापता थापता डोकावले. शेतातली माती, अडतीस. भिंतीलगतची, बावन्न.

माझं डोकंच सणकलं. आम्ही उमरग्याकडची माणसं, मातीतलं मला कुणी शिकवू नये. त्या भिंतीपाशी नुसता मुरूम अन् सिमेंटचे तुकडे, तिथं पाणी ठरतं होय? पुड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. असल्या चुका मी कंपनीत रोज पकडते.

"आई, आधी ऐक तरी," ती म्हणाली.

पण मी कुठली ऐकतेय! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. सगळ्या वर्गाची शेताची माती जास्त येणार अन् तुझीच उलटी, असं बरंच काही बोलले. ती उठली अन् पाणी भरायला गेली. मी हात धुतले, पेन घेतलं अन् कंपनीच्या पद्धतीनं दुरुस्ती करून टाकली. आमच्याकडे व्हाइटनर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला नवा आकडा, सही अन् तारीख. दोन्ही आकड्यांना मी तसंच केलं, शेताला बावन्न अन् भिंतीला अडतीस. हाताला इतकी सवय, की लेकीच्या जर्नलमध्ये आपण सही ठोकतोय हे ध्यानातही आलं नाही.

सोमवारी पहाटेच मी पहिल्या शिफ्टच्या बसनं गेले. निशीनं ते पान पाहिलं ते थेट कॉलेजात, सरांच्या टेबलावर.

टेमगिरे सरांनी जर्नल बाजूला काढलं. त्यांचा नियम साधा आहे. जर्नल ज्याचं त्यानं लिहायचं. दुसऱ्याचा हात दिसला तर ते सर्टिफाय करत नाहीत, अन् त्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही. प्रॅक्टिकल आठ दिवसांवर आलेलं. हे सगळं निशीनं मला शिफ्ट सुटल्यावर बसस्टॉपवर सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. पोरीची दोन वर्षांची मेहनत, अन् ऐन वेळी मीच आडवी आले.

तशीच युनिफॉर्मवर तिला घेऊन कॉलेजात गेले. सर खडूस असतील असं वाटलं होतं, पण माणूस नुसता थकलेला होता, समोर जर्नलांचा हा ढीग. मी कंपनीत क्वालिटीला आहे, सही माझी, आकडे माझे, पोरीनं काही केलेलं नाही, काय शिक्षा द्यायची ती मला द्या, असं मी एका दमात सांगून टाकलं. सरांनी जर्नल डोळ्यांजवळ नेलं अन् रेघेखालचे आकडे वाचले. मग निशीला विचारलं, भिंतीलगत नेमकी कुठून घेतलीस माती?

"शालनबाईंच्या अळूच्या वाफ्यातून," ती म्हणाली.

शालनबाई आमच्या शेजारीण. बारा वर्षं झाली, भिंतीपाशी चहाचा चोथा, भाजीची देठं, वाळका पाला टाकतायत. सगळे त्यांना हसायचे, अन् सगळ्यांत जास्त मी. त्यांच्या अळूची भाजी मात्र वाटी पुढे करून मागून घ्यायचे. निशीनं रफ वही काढली. दोन्ही माती तिनं तीन-तीनदा मोजल्या होत्या, तारखेसकट. खाली कारणही लिहिलं होतं, की वर्षानुवर्षं कुजलेल्या पाल्यानं वाफ्यातली माती पाणी धरून ठेवते अन् शेतातल्या मातीत तसं काही पडलेलंच नाही.

"ताई," सर म्हणाले, "तुम्ही चांगला माल फेल केलात."

दहा वर्षं मी मापं घेतेय, अन् पोरीला एका शब्दानं विचारलं नाही की बाई, तू मोजलंस कसं. मला लाज वाटली, अगदी मनापासून.

जर्नलची पानं मोजलेली असतात, त्यामुळे ते पान फाडता येणार नव्हतं. मी भीत भीत म्हणाले, आमच्याकडे दुरुस्तीचीही दुरुस्ती करता येते, पण ज्यानं मोजलं त्यानंच करायची. सरांनी जरा विचार केला अन् पेन निशीकडे सरकवलं. तिनं माझ्या दोन्ही आकड्यांवर एकेक रेघ ओढली. बाजूला अडतीस अन् बावन्न लिहिलं, तारीख टाकली, स्वतःची सही केली. मग माझ्या सहीवर रेघ मारली, तीही एकच.

"ती तेवढी नीट गिरवून खोड ना," मी हळूच म्हणाले. "दिसायला नको कुणाला."

"नको आई. खालचं वाचता आलं पाहिजे, तूच तर सांगत असतेस."

मला तिथंच रडू आलं. सरांनी पान स्वतःकडे ओढलं अन् निशीच्या सहीखाली आपली सही केली.