उजेड अडतोय

आमच्या मास्तरांचं एकच टुमणं असतं. "डोळ्यात उजेड दिसला पाहिजे, नाहीतर फोटोतलं माणूस मेल्यासारखं वाटतं."

पोर्ट्रेटचा क्लास मी नुकताच लावला होता आणि आज पहिल्यांदाच समोर खरीखुरी मॉडेल होती. शिवणकाम करणाऱ्या एक बाई खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या होत्या. मी खिडकीला पाठ करून उभी. खोलीत आम्ही दोघीच.

"अहो, माझ्याकडे बघा ना!" माझं डोकं फिरायला लागलं होतं. बाईंची नजर सारखी माझ्या खांद्यामागे जात होती.

"बघतेय की. पण त्यांना जरा सरकायला सांगा, उजेड अडतोय."

मी वळून पाहिलं, तर नुसती खिडकी. बाई नवशिकीची फिरकी घेताहेत, असं मनात म्हणत मी रागारागात बटण दाबलं आणि स्क्रीनवर त्यांचा डोळा मोठा करून पाहिला.

बुबुळात खिडकी लख्ख उमटली होती. तिच्यापुढे कॅमेरा धरलेली मी. आणि माझ्या खांद्याशी आणखी एक जण, बुटकी, कमरेवर हात, मान तिरकी.

मी काहीही करायला बसले की आई अशीच मागे येऊन उभी राहायची. "बघू, काय चाललंय?" तिला जाऊन वर्ष होत आलं.

मास्तर आत आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "फोकस झकास. पण डोळ्यात उजेड अर्धाच आलाय. मागे काय आहे ते हलव आणि परत घे."

मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

"सांगितलंत का त्यांना?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "उभी राहू दे तिला."