पाठवणीची चाल

"ते बँडबिंड नको हो सर त्याच्यात," अमृतलाल शेठ म्हणाले. "पालक विचारतील, पोरं वाद्यवृंदात घातली का वरातीत?"

शेठ स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसले. प्रशीलही हसला. हसावंच लागतं. शेठची सून चेलना सूत्रसंचालन करणार होती आणि ती प्रशीलचा परिचय मोठ्यानं वाचून बघत होती. 'वडील पारोळ्याचे नावाजलेले बँडमास्तर' हे वाक्य त्यात प्रशीलनंच भीत भीत घातलं होतं.

"मग वडिलांचं काय म्हणू, सर?"

"घरात संगीताचं वातावरण होतं, एवढंच म्हणा."

वातावरण कसलं डोंबलाचं! दोन खोल्यांचं घर, खाटेखाली ढोल, खुंटीला लाल कोट, आणि लग्नसराईत रात्रभर वाजवून आलेल्या आबांचे सुजलेले ओठ. त्याच ओठांनी आबांनी पोराला सूर शिकवले. पोरगा पुढे मुंबईला जाऊन पदवी घेऊन आला, आणि मग धुळ्याला देवपुरातल्या शाळेवर कंत्राटी संगीतशिक्षक म्हणून त्याच्या उमेदीच्या वर्षांची माती झाली. जूनला घ्यायचे, एप्रिलला घरी बसवायचे. शेवटी अमृतलाल शेठनी जळगावात मुलांचा वाद्यवृंद काढला आणि तो उभा करायला प्रशीलला बोलावलं. आज त्या मुलांचा पहिला मोठा कार्यक्रम. तो नीट पार पडला तर प्रशीलची संचालक म्हणून कायमची नेमणूक शेठ स्टेजवरूनच जाहीर करणार होते. घरी त्याची बायको वृषाली फोन हातात धरून बसली होती.

आणि आबांना? आबांना त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, कार्यक्रम पुढे ढकललाय म्हणून. म्हातारा आला असता तर पोराकडे बोट दाखवत पहिल्या रांगेतून अहिराणीत ओरडला असता, 'मना पोऱ्या शे हाऊ!'

फाटकाकडून ढोलाचा आवाज आला.

"पाहुणे आले वाटतं. चला," शेठ उठले. "स्वागताला बँड सांगितलाय. तुमच्या पारोळ्याचाच आहे, नथ्थूचा."

नथ्थू म्हणजे आबांचा चेला, आबांनी बँड सोडला तेव्हा त्यानंच तो चालवायला घेतला होता. पण आबा आता कुठे वाजवतात, अशी मनाची समजूत घालत प्रशील शेठमागोमाग गेला. बघतो तर सगळ्यात पुढे लाल कोट घालून आबाच! नथ्थूचा ट्रम्पेटवाला ऐन वेळी आजारी पडला होता, आणि वाजवायचं म्हटल्यावर आबांना घरी कोण धरून ठेवणार?

फाटकावर हा एवढा मोठा बॅनर होता. त्यावर हातात संचालनाची छडी घेतलेला प्रशील आणि खाली आजची तारीख. आबांनी बॅनर पाहिला, मग पोराकडे पाहिलं. ट्रम्पेट मात्र त्यांनी ओठांवरून काढला नाही.

"म्हातारा बरा फुंकतो," शेठ म्हणाले. "ओळखता का?"

"नाही."

नेमकी त्याच क्षणी धून संपली, आणि तो 'नाही' फाटकावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. नथ्थूनं रागानं तोंड उघडलं. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुसरं वाजाड, नथ्थू," ते म्हणाले.

कार्यक्रम मात्र झकास रंगला. शेवटी 'सातपुडा पहाट' होती. रचना आणि संचालन, दोन्ही प्रशील सर, असं चेलनानं सांगितलं. रचना! अहो, ती आबांची पाठवणीची चाल होती. स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, नवरी निघताना, डोळे पुसत पुसत आबांनी ती बांधली होती. पुढे पारोळा तालुक्यातल्या किती नवऱ्या त्या चालीवर सासरी गेल्या असतील. प्रशीलनं तिच्यातला ताशा काढला, व्हायोलिनं घातली आणि शेवट टाळ्या पडतील असा चढवला. बस, झाली पहाट.

उकाड्यामुळे हॉलचं बाजूचं दार उघडं होतं. बाहेर बँडवाले जेवत होते. चाल सुरू झाली आणि नथ्थूच्या हातातला घास हातातच राहिला.

"आबा, हाई तर तुमनी चाल शे! उठा रे बठ्ठा!"

सगळे ताटावरून उठले आणि बाहेर ढोल घुमला. मागोमाग ताशा. स्टेजवरची पोरं गडबडली. पहिल्या रांगेतली व्हायोलिनवाली मुस्कान दाराकडे बघायला लागली, तिचा बो तारांवरून घसरला. शेठ खुर्चीतून अर्धे उठले. आता पोरं चुकणार, कार्यक्रम मोडणार, नेमणूक गेली, सगळं गेलं! प्रशीलनं दारातून बाहेर पाहिलं.

आबांनी डोक्यावरची लाल टोपी काढून उंच धरली.

बँडमध्ये मास्तरनं टोपी उचलली की थांबायचं. वरातीत कितीही रंग चढलेला असो, तिथल्या तिथे थांबायचं. ढोल गप्प झाला, ताशा गप्प झाला. पोरं सावरली. आबा तसेच हात वर करून, उघड्या डोक्यानं, आपलीच चाल संपेपर्यंत उभे राहिले.

टाळ्यांनी हॉल दणाणला. शेठनी नेमणूक जाहीर केली, प्रशीलच्या खांद्यावर शाल घातली, हार घातला. मग फाटकाशी बँडवाले टेम्पोत सामान भरताना दिसले तसे शेठ म्हणाले, "अरे हो, त्या म्हाताऱ्या मास्तरांना टॉवेल-टोपी द्यायची राहिली. सर, तुमच्याच हातून होऊ द्या. कलाकाराचा मान कलाकारानं करावा."

आता बोलायला काय हरकत होती? नेमणूक तर पदरात पडली होती. पण ज्या बापाला चारचौघांत नाही म्हटलं, त्याला आता हो कसं म्हणायचं, हे त्याला कळेना. लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा शेठची भीती अजूनही मोठी होती.

आबांनी लाल टोपी काखेत धरली आणि मान वाकवली. प्रशीलनं त्यांच्या घामेजल्या, विरळ केसांवर पांढरी टोपी ठेवली, टॉवेल हातात दिला. फोटो निघाला.

"आबा," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

आबा सरळ झाले. आजवर ते पोराशी अहिराणी सोडून एक शब्द बोलले नव्हते. आज गिऱ्हाइकाशी बोलायची जपून ठेवलेली मराठी त्यांनी काढली.

"कार्यक्रम फार छान झाला, साहेब. आमच्या माणसांनी मध्येच वाजवलं, राग मानू नका."

हात जोडून ते टेम्पोत चढले.

"सज्जन माणूस दिसतो," शेठ म्हणाले.

"हो," प्रशील म्हणाला.

टेम्पो हलला. मागे ढोलांच्या मध्ये बसलेल्या आबांनी पांढरी टोपी उतरवून नथ्थूकडे दिली, आणि काखेतली लाल टोपी पुन्हा डोक्यावर घातली.