पोटदुखीचा कौल

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी विनोदिनीला दुपारी बोलावलं होतं. मनाच्या डॉक्टर. नाव विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंनी दिलं होतं, "घाबरू नकोस" म्हणत. घाबरायलाही अंगात त्राण लागतं. होस्टेलवरून इब्रामपूरला आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. धालोंच्या मांडावर, बायकांच्या नाचाच्या फेरात, गाण्याची पहिली ओळ उचलणारी पोर ही. आज केस विंचरता विंचरता हात थांबला, आणि अर्धे केस तसेच राहिले.

"देवाक इचारल्याबिगर जावचा नाय," आई सुलोचना म्हणाली.

म्हणून दोघी आधी देवळात आल्या. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको.

ओसरीवर बायका वाती वळत होत्या. "काय गो, हाडां दिसाक लागली!" प्रभावतीकाकू म्हणाली. "होस्टेलात जेवाण घालत नाय?"

विनोदिनी कसनुसं हसली. तेवढ्यानंही ती दमली.

पाकळ्या लावून गुरव शंभू वळले. "बोल सुलोचना, गाऱ्हाणा कसला?"

आईनं ओसरीकडे पाहिलं. पोर लग्नाची. "पोटात दुखता पोरीच्या. डॉक्टराक दाखवू?"

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या पोटात दुखता..." शंभूंचा आवाज खांबाखांबावर घुमला.

"व्हय म्हाराजा!" बायकांनी साथ दिली.

डावी पाकळी गळली.

"नको म्हणता देव," शंभू म्हणाले. "ओव्याचो काढो दी."

"वर सोलांची कढी," काकूनं जोडलं.

विनोदिनी पायरीवर बसली. "चल आई, घरी जाऊया. देवान बरोबर सांगल्यान. पोटाक काय झालाच नाय." मग अगदी हळू, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं म्हणाली, "सकाळी डोळे उघडतत, ह्येचाच वायट वाटता माका. ता देवाक कोणी इचारलाच नाय."

सुलोचना पदर खोचून पुन्हा गाभाऱ्यासमोर गेली.

"शंभूभावोजी, परत लावा. मी खोटा सांगलंय."

"म्हणजे?" विचारत शंभूंनी पाकळ्या पुन्हा लावल्या.

"बा देवा म्हाराजा," तिनं स्वतःच सुरू केलं, "माझ्या विनूचा मन आजारी असा. तिका जगूक नको झालाहा. मी तिका डॉक्टराकडे नेतंय."

वाती वळणारे हात थांबले. "हळू गो, पोरीचा लगीन व्हायचा असा," कुणीतरी पुटपुटलं. साथ कुणी दिलीच नाही.

"व्हय म्हाराजा," सुलोचना एकटीच म्हणाली.

पाकळी हलेना. चढावावर म्हापशाची बस धापा टाकत येताना ऐकू आली.

"तुम्ही बघत ऱ्हवा भावोजी. खंयची पडली, उजवी की डावी, ती मागीर सांगा."

बसमध्ये खिडकीची जागा तिनं लेकीला दिली. पिशवीतून फणी काढली आणि राहिलेले अर्धे केस विंचरायला घेतले. गाठी फार होत्या. विनोदिनीनं डोळे मिटून डोकं मागे टेकलं.

"दुखता?"

"व्हय," विनोदिनी म्हणाली.