बाविसाव्या मजल्यावरचा रस्ता

मित्रांनो, मी चीनमधल्या डोंगरउतारावरच्या छोंगछिंग शहरातले एक जुने बसकार्ड आहे. माझ्या अंगावर श्यांग युनशान या आजोबांचा फोटो आहे. माझे कोपरे झिजले, पण फोटोतले आजोबा अजून तसेच डोळे वटारून पाहतात.

कारखान्यातून माझ्यासारखी हजारो कार्डे एकदमच बाहेर पडली. मला बसच्या यंत्राला टेकवले की आतली बाई खणखणीत आवाजात सांगे, "ज्येष्ठ नागरिक." आजोबा रोज तिच्यावर उखडत. "हळू बोल की बाई. सगळ्या बसला कशाला माझं वय सांगतेस?" ती काही ऐकत नसे.

त्यांच्या हातातून मी काय काय पाहिले म्हणून सांगू. धुक्यात पूल कुठे संपतो ते दिसत नाही, तरी बस बिनघोर पुढे जाते. आगगाडी राहत्या इमारतीच्या पोटात शिरून पलीकडून निघते, आणि वरच्या मजल्यावरची बाई खुशाल कपडे वाळत घालत असते. मी तोंडात बोटेच घातली असती, पण मला ना तोंड, ना बोटे.

सगळ्यात मोठे नवल मात्र मी एका दुपारी जमिनीवर पडून पाहिले.

आजोबांची धाकटी बहीण युनलान दूर उत्तरेला, हार्बिनला राहत असे. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध तिकडच्या माणसाशी लग्न केले, तेव्हा आजोबा रागाने तिला निरोप द्यायलासुद्धा गेले नव्हते. त्याला तीस वर्षे झाली. आता ती कामासाठी शहरात आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. मधली एक दुपार तेवढी हाताशी होती. आजोबांनी फोनवर सांगितले, "नदीकाठी आपलं घर होतं ना, तिथे आता मोठी इमारत झालीय. तिच्या तळमजल्याच्या दाराशी ये."

निघायच्या गडबडीत आजोबा फोन घरीच विसरले. बसमधून उतरले, मला खिशात ठेवता ठेवता इमारतीच्या दाराबाहेरच पाडले आणि लिफ्टमध्ये शिरले. मी हाक तरी कशी मारणार?

थोड्या वेळाने तिथेच टॅक्सीतून युनलान उतरली. समोर दार, पायाखाली रस्ता. ती वाट पाहत उभी राहिली. दुपार कलली. ती पुन्हा पुन्हा फोन लावी, पण कुणी उचलत नव्हते. शेवटी ती स्वतःशीच म्हणाली, "नाहीच आला. राग गेलाच नाही त्याचा." बॅग उचलायला ती वाकली आणि तिला मी दिसले.

तिने मला उचलून फोटो डोळ्यांजवळ नेला. "बाबा?" ती पुटपुटली. बाबा जाऊन तर कितीतरी वर्षे झाली होती. मग तिने नाव वाचले. तिचा तरणाताठा भाऊ हुबेहूब बाबांसारखा म्हातारा झाला होता.

तिने पहारेकऱ्याला फोटो दाखवला.

"हे आजोबा? ते तर दुपारीच लिफ्टने खाली गेले."

"खाली कुठे? हा तळमजलाच ना?"

"छे हो, मावशी. तुम्ही बाविसाव्या मजल्यावर उभ्या आहात. तळमजला खाली नदीकाठी. तिथेही रस्ता आहे, दार आहे."

लिफ्ट उतरत राहिली, उतरतच राहिली. मी तिच्या मुठीत घामाने भिजले. दार उघडले तर बाहेर आजोबा, बहिणीसाठी आणलेली मोहरीच्या देठांच्या लोणच्याची बरणी छातीशी धरून रस्त्याकडे बघत उभे.

"दादा, कधीचा उभा आहेस?"

आजोबा वळले. "तू काही यायची नाहीस असं वाटलं. तेव्हा मी तरी कुठे आलो होतो?"

"अरे, मी वरच्या दाराशी उभी होते."

"वरचं? ते कसलं दार, ती गच्ची. याच गावात जन्मलीस ना तू?" एवढे बोलले आणि आजोबांना रडू कोसळले.

संध्याकाळची गाडी युनलानला न घेताच गेली. ती दोघे नदीच्या पायऱ्यांवर बसून नुसतेच लोणचे खात होती.

आता बसमध्ये सगळे फोनच दाखवतात. युनलानने मला दादाकडून मागून घेतले, आणि मी हार्बिनला तिच्या पाकिटात असते. इथले एकही यंत्र मला ओळखत नाही. मित्रांनो, आपली कार्डे जपा. पडलेले प्रत्येक कार्ड काही माझ्यासारखे कामी येत नाही. आणि कुणी आले नाही म्हणून रुसून निघण्याआधी एकदा खाली जाऊन बघा. तो माणूस तुमच्याही आधी येऊन उभा असेल.