लीलाबाईची खोटी साक्ष

देवाच्या घरात मी खोटं बोलली. डोक्यावर पदर घेऊन, सत्तर-ऐंशी माणसांसमोर उभी राहून. आता कोणी मले भोळी-बिळी म्हणू नका. मी काही भोळी नाही, मले सारं समजत होतं.

आमच्या नवेगावबांध गावात देवानंद पास्टरच्या टिनाच्या शेडात रविवारी प्रार्थना होते. प्रार्थना झाली का साक्ष. ज्याचं देवानं काही भलं केलं, त्यानं उठून सगळ्यांले सांगाचं. कोणाचा ताप उतरला, कोणाची सून माहेरून परत आली. माह्या नवऱ्याले, लालसिंगले, साक्षीपेक्षा गाण्याचा नाद. तलावात मासे धरणारा माणूस, पण धानरोवणीच्या गाण्याच्या चालीवर येशूचं एक गाणं त्यानं स्वतः बसवलं होतं. "ये गा धन्या, पाणी दे धानाच्या बांधीले." सारा शेड ते गाणं म्हणे.

मागच्या पोळ्याले त्याले लकवा मारला. उजवं अंग गेलं अन् बोली गेली. गोंदियाचा डॉक्टर म्हणला, चालतील हळूहळू, बोलण्याचं सांगता येत नाही. चालला तो, काठी धरून. तोंडातून मात्र नुसतं ऊं ऊं. तीस वर्षं हा माणूस फाटकातूनच "लीले, अवं लीले" करत घरात येत होता. मी चिडत होती, बहिरी आहो का म्हणत होती. आता त्या एका हाकेसाठी माहा जीव तुटत होता.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी त्याले शेडात नेलं. ढोलक वाजली, त्याचंच गाणं सुरू झालं, अन् लालसिंग गाऊ लागला. अक्षर न् अक्षर, पहिल्यासारखं. लोकं उठून उभे झाले, टाळ्या, हालेलूया, काही विचारू नका. पास्टरनं माह्या हातात माइक दिला अन् साक्ष द्या म्हणले. मी आधी लालसिंगच्या कानाशी वाकली. म्हणली, माहं नाव घे. त्यानं तोंड उघडलं. ऊं. त्या गलबल्यात ते कोणाले ऐकू आलं नाही, मले आलं. तरी मी माइकवर म्हणली, "देवानं माह्या नवऱ्याले बोली परत दिली." वाटलं, सगळ्यांसमोर आधीच बोलून टाकलं तर देवाले करणं भाग पडेल. देवाले कोंडीत धराले निघाली होती मी.

देव काही कोंडीत सापडला नाही. शब्द फुटत ते नुसते त्या गाण्यात. गाण्यात पाणी म्हणणारा माणूस घरी तहान लागली का बोटानं गडवा दाखवे. मले देवाचा राग आला. खरं सांगतो, सवतीचा यावा तसा राग. सारे शब्द तुले, अन् मले एकही नाही? पाच रविवार मी लालसिंगले प्रार्थनेले नेलंच नाही. तो फाटकापाशी काठी धरून उभा राही, शेडाकडं कान लावून. मी आत भांडे आदळत होती.

मंग एका शनिवारी सौंदडहून शकुंतलाबाई नावाची एक बाई दारात आली. कधी पाहिली नव्हती. तिचा नवरा गोवर्धन दोन वर्षांपासून लकव्यानं खाटेवर. माही साक्ष कोणीतरी रेकॉर्ड करून तिच्या मोबाइलवर पाठवली होती. ती ऐकून तिनं महिनाभर एकाच वेळी जेवून प्रार्थना केली, तरी गोवर्धन बोलेना. आपलाच विश्वास कमी पडला म्हणत होती. मी कोणतं वचन म्हणत होती, उपास किती धरले, सारं विचारून राहिली. मंग लालसिंगकडं वळली, म्हणली, भाऊ, एक शब्द बोला.

लालसिंग ऊं म्हणला अन् त्यानं मान खाली घातली.

मी तिचा हात धरला. म्हणली, "बाई, हे बोलत नाहीत. मी खोटी साक्ष दिली. तुमचा विश्वास कमी नाही पडला."

वाटलं, आता ही शिव्या देते. द्यालेच पाहिजे होत्या. ती ओट्यावर बसली अन् खूप वेळ रडली. मंग पदरानं नाक पुसून तिनं विचारलं, "मंग तुम्ही कशा राहता?"

मी चहा मांडला.

दुसऱ्या दिवशी लालसिंगले घेऊन मी शेडात गेली. स्वतःच माइक मागितला अन् सारं सांगितलं. कोणी हालेलूया म्हणलं नाही. पास्टर म्हणले, चूक माही पण आहे, मी घाई केली. मंग लालसिंगनं आपलं गाणं धरलं, ढोलकीशिवाय. एवढंच तर त्याच्यापाशी उरलं होतं, अन् ते पाच रविवार मी हिसकून घेतलं होतं. मले माहीच लाज वाटली. आजपर्यंत मी देवाजवळ मागालेच जात होती. त्या दिवशी काही न मागता बसली, अन् देव बाजूले बसला आहे असं पहिल्यांदा वाटलं.

म्हणून काही दुःख गेलं नाही. हाकेची वाट मी आजही पाहतो. चुलीपाशी बसली तरी कान फाटकाकडंच राहते.

दर रविवारी शकुंतलाबाईचा फोन येते. बोलले का भाऊ, विचारते. मी म्हणतो, नाही, तुमचे? ती म्हणते, नाही. मंग ती तिकडं डोळे मिटते, मी इकडं. मी गोवर्धनभाऊसाठी मागतो. ती म्हणते, "देवा, माह्या लीलाबाईले एक हाक ऐकू येऊ दे." तेवढं ऐकलं का मले रडू येते, काऊन का इतके दिवस ते मी एकटीच मागत होती.