पोलादी दाते

यंदा घरात सण नव्हता. कमलाकर सर श्रावणात गेले, तेव्हा वर्षभर तोरण नाही, गोडधोड नाही, हे ठरलेलंच होतं. तरी खंडेनवमीच्या सकाळी शकुंतलाबाईंनी पाट मांडला आणि नवऱ्याचे पेचकस, पकड आणि त्यांचा तो रिमोटवर चालणारा ट्रक त्यावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. हत्यारांना कसलं सुतक, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलीला, भार्गवीला, ते पटलं. पाटावर चढलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत या घरात कोणी हात लावत नसे. बाबा तर त्या दिवशी गेलेला बल्बसुद्धा बदलत नसत.

म्हणून दुपारी ती कॉलेजच्या ग्रंथालयातून परतली आणि पुण्याहून आलेला थोरला भाऊ, सुबोध, पाटावरचाच पेचकस घेऊन ट्रक खोलून बसलेला दिसला, तेव्हा ती दारातच थांबली.

वर्तमानपत्रावर ट्रकची चाकं काढून ठेवली होती. बाबांनी बसवलेला पांढरा प्लॅस्टिकचा गिअर त्याने चिंचोका टाकावा तसा बशीत टाकला होता. उन्हाळ्यात विजापूर रोडपलीकडच्या माळावर, खडीच्या ढिगावर चढताना त्याचे दाते गेले होते. शेजारी उघड्या डबीत नवे पोलादी गिअर चकाकत होते.

तुला हे खोलायला कोणी सांगितलं, असं तिने विचारलं. सुबोधने मान वर केली नाही. बाबांची वस्तू कपाटात ठेवून धूळ खायला नको, चालती करतो, म्हणाला. पोलादी बसवला की पुन्हा बघायला नको.

भार्गवीने आवाज खाली आणला. तिचा राग असाच चढायचा, आवाज उतरत उतरत. बाबांनी प्लॅस्टिकचा गिअर पैसे वाचवायला बसवला नव्हता, हे तिने त्याला सांगितलं. ट्रक कुठे अडला की काहीतरी मोडणारच. मग साधा गिअर मोडू दे, मोटार तरी वाचते. असले ट्रक घेऊन माळावर जमणाऱ्या सगळ्या हौशी मंडळींना विज्ञानाचा हा मास्तर हेच समजावायचा. त्यांच्या खणात तसल्या पांढऱ्या गिअरची पुडी अजून आहे. पोलाद मोडत नाही, आणि मग मोटार जळते.

"भार्गवी, खेळणं आहे ते," सुबोध हसून म्हणाला.

त्या हसण्याने तिचा उरलासुरला संयम गेला. "तुला सगळंच जबरदस्तीनं चालू ठेवायचं असतं, दादा."

हे ट्रकबद्दल नव्हतं, ते दोघांनाही कळलं. मला नळ्या लावून जगवत ठेवू नका, असं दवाखान्यात बाबांनी तिला दोनदा, अगदी स्पष्ट सांगितलं होतं. तिने ते डॉक्टरांपुढे सांगितलंही. तेवढ्यात पुण्याहून सुबोधचा फोन आला. करता येईल ते सगळं करा, मी मुलगा आहे, मी सांगतोय. तोवर तिच्याकडे धड न बघणाऱ्या डॉक्टरांनी फोनला मात्र मान डोलावली. बाबा नळ्या उपसू लागले म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले. जाईपर्यंत ते बांधलेलेच होते.

सुबोधने पेचकस खाली ठेवला.

"हे गिअर मी नाही निवडले. त्यांनी मागितले होते."

मग एकेक करून त्याने सांगितलं. गेल्या दिवाळीपासून बाबांचे हात थरथरत होते. गिअर मोडला की ट्रक खोलावा लागे, आणि ते बारके स्क्रू बोटांत टिकेनात. शेवटी एकदा फोनवर म्हणाले, पोलादी आण, मोटार जळाली तर जळू दे, हे खोलणं आता माझ्याच्यानं होत नाही. भार्गवीला बोलू नकोस, ती संध्याकाळच्या आत मला दवाखान्यात नेऊन बसवेल. आणतो आणतो म्हणत त्याच्याच हातून राहून गेलं.

"खोटं आहे."

"खरं आहे," शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "शर्टाची बटणं मीच लावत होते त्यांच्या."

भार्गवी खाली बसली. रोज सकाळी ती बाबांच्या समोर बसून चहा घेत होती. अर्धाच कप भर, असं ते म्हणू लागले, तेव्हा चहा कमी केलाय म्हणून तिला बरंच वाटलं होतं. आता तिला आईचाही राग आला, आणि जो माणूस आता उत्तर द्यायला नाही त्याचा सर्वांत जास्त. तिघांनी मिळून तिला बाहेर ठेवलं होतं. आणि ती मात्र बाबांचा शब्द छातीशी धरून साऱ्या जगाशी भांडत होती. गिअरचा शब्द त्यांनी बदलला होता. मग आणखी कुठला बदलला होता?

"नळ्यांबद्दलही तुला काही वेगळं बोलले होते का?" तिने विचारलं.

सुबोधने बशीतला पांढरा गिअर उचलून बोटांत फिरवला. या क्षणी तो हो म्हणाला असता तर तिला ते मानावंच लागलं असतं, आणि हे त्यालाही कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "ते तुलाच बोलले. तू फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होतीस ते मला नीट ऐकू आलं होतं. मला ते नको होतं, बस."

तो तिच्याकडे बघत थांबला. खरं बोलल्याबद्दल माफी मिळेल अशी त्याची अपेक्षा असावी. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. राग जिथे होता तिथेच होता. फक्त आता त्याच्याखालची जमीन पक्की होती.

तिने डबी पुढे ओढली आणि पोलादी गिअर उचलला. एवढासा असून तो हाताला जड लागला. तिने तो सुबोधच्या पुढ्यात ठेवला.

"बसव. त्यांना हवा होता म्हणून."

त्याने पेचकस घेतला. ट्रक सरकू नये म्हणून भार्गवीने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि शेवटचा स्क्रू बसेपर्यंत सुबोधकडे एकदाही बघितलं नाही.